एक्सप्लेनर : धान्याच्या कोठीत 'नॅनो'चं काय काम?

उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं आणि दिवाळीआधीच तुरीला, हरभऱ्याला गोल भोकं पडलेली बघायची, हे अनेक घरांत होतं. मग कोणीतरी सुचवतं, 'गोळ्या टाका.' धोका इथेच सुरू होतो.

या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. गोदामांत धुरी देण्यासाठी तो वापरतात, तोही सरकारी निर्बंधांखाली. या विषावर उतारा नाही. झोपायच्या खोलीतल्या पोत्यात अशी गोळी टाकणं थेट जिवावर बेतू शकतं. त्यात भर म्हणजे, या वायूला दाद न देणारे भुंगेरे भारतातही आढळले आहेत.

मग आजीचा उपाय बरा?

बऱ्याच अंशी हो. कडधान्यातल्या भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते. अळी आत शिरते आणि साधारण महिनाभरात भुंगेरा भोक पाडून बाहेर येतो. डाळीला, कडधान्याला तेलाचा हात लावला की अंड्यांना हवा मिळत नाही. पण 'झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक' हा समज चुकीचा आहे. वेखंड कीड मारतं, मात्र त्यातल्या बीटा-असारोनमुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. (तांदळाला बोरिक पावडर चोळत असाल, तर तेही थांबवलेलं बरं.)

नॅनोने काय बदलतं?

वनस्पतींच्या सुगंधी तेलांची अडचण अशी, की ती लवकर उडून जातात आणि पाण्यात मिसळत नाहीत. संशोधक या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करतात. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. हे थेंब काही दहा ते काहीशे नॅनोमीटरचे. कधी ते कायटोसानच्या आवरणात भरतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा हा पदार्थ तेल हळूहळू सोडतो, त्यामुळे असर जास्त दिवस टिकतो.

मला जास्त पटलेला प्रकार सिलिकाचा. त्याचे कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेतात, अंगातलं पाणी उडतं आणि किडा वाळून मरतो. राखेत धान्य ठेवण्याची जुनी रीतही काहीशी अशीच चालते.

खरा पेच पुढे आहे. हे धान्य आपण खाणार. इतके बारीक कण पोटात गेल्यावर काय करतात, हे तपासल्याशिवाय ते घरात आणता येणार नाहीत. शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी केंद्राने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शिवाय प्रयोगशाळेतल्या बरणीत जमलेली गोष्ट ५० किलोच्या पोत्यात जमेलच असं नाही.

सध्या हाताशी असलेला उपाय म्हणजे दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत कडक ऊन देऊन धान्य हवाबंद पिशवीत भरणं. आतला ऑक्सिजन संपला की किड्यांचं काम थांबतं. बाजारात 'नॅनो' किंवा 'हर्बल' लिहिलेली बाटली दिसलीच, तर लेबलवर नोंदणी क्रमांक आणि साठवणुकीतल्या धान्याचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते आधी पाहा. उभ्या पिकावर फवारायचं कडुनिंबाचं औषध कोठीत ओतू नका.