बरगडीचा मुका मार आणि घाटातली सायकल

आपल्या बीड जिल्ह्यात सायकल ही हौसेची वस्तू नंतर झाली, आधी ती पोटापाण्याची सोबतीण झाली. गेवराई-माजलगावकडची गोदाकाठची सपाटी सोडली, तर पाटोदा, केज, धारूर या बाजूला बालाघाटचे डोंगर आडवे येतात. कुठे डांबरी, कुठे मुरमाचा, कुठे नुसताच पाणंदीचा रस्ता. दुधाच्या किटल्या घेऊन, गवताचा भारा बांधून, शाळेचे दप्तर अडकवून माणसे या चढउतारावर सायकल चालवीत आली आहेत. आता तर पोरांच्या हाती जाड टायरच्या, गिअरच्या सायकली आल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी मांजरसुंब्याचा घाट चढायचा, कपिलधारच्या वाटेने उतरायचे, ही नवी हौसही रुजते आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी १९७० च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायला सुरुवात केली आणि त्यातून डोंगरी सायकलिंग हा खेळ जन्मला. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. आपल्याकडचा कष्टकरी माणूस तेच काम बिनापदकाचे करतो. पण पडणे दोघांनाही सारखेच, आणि लागणेही सारखेच.

उतारावर मुरमात चाक घसरते, माणूस कुशीवर पडतो, हँडलचे टोक छातीत बसते. उठून तो कपडे झटकतो, हातपाय हलवून पाहतो आणि म्हणतो, "काही नाही, मुका मार आहे." रात्री कूस बदलताना, खोकताना, शिंकताना जीव कासावीस होतो. तरी आठव्या दिवशी तो पुन्हा सायकलीवर असतो, कारण घरी बसले तर रोज बुडतो. हा लेख अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

बरगडीला प्लॅस्टर का नाही?

आपल्या छातीत बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. हा पिंजरा आत हृदय आणि फुप्फुसे सांभाळतो. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांआड प्लीहा असते, उजव्या बाजूला यकृत असते. हात मोडला तर प्लॅस्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. बरगडीचे तसे नाही. मोठा माणूस स्वस्थ बसला असतानाही मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात. म्हणजे हे हाड हलत हलतच जुळून यावे लागते.

म्हणूनच छाती घट्ट बांधण्याची आपल्याकडची जुनी रीत चुकीची आहे. लुगड्याची पट्टी किंवा पट्टा करकचून आवळला की घटकाभर बरे वाटते, पण श्वास उथळ होतो. फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हाताऱ्या माणसांना तर बरगडीपेक्षा या न्यूमोनियाचाच धोका मोठा. त्याचप्रमाणे दुखऱ्या जागी जोराने चोळणे, तेल लावून रगडणे किंवा "हाड बसवून घेणे" हेही करू नये. तडकलेली बरगडी रगडण्याने सरकू शकते.

करायचे ते असे. पहिले दोन-तीन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटे दुखऱ्या जागी धरावा, थेट कातडीवर ठेवू नये. झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसल्यासारखे झोपावे. जागे असताना तासातासाला दहा वेळा सावकाश खोल श्वास घ्यावा. खोकला आला तर दाबू नये, उशी किंवा घडी केलेली चादर दुखऱ्या जागी धरून खोकावे. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी सुरुवातीला वेळेवर घ्यावी. दुखणे आवरले तरच माणूस खोल श्वास घेतो. मात्र पोटात व्रण असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

साध्या एक्स-रेमध्ये बरगडीची बारीक चीर पुष्कळदा दिसतही नाही. त्यामुळे "फोटोत काही नाही" म्हणजे सारे ठीक, असे समजू नये. पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी रात्र असो वा दिवस, दवाखाना गाठावा : दम लागणे, ओठ निळसर पडणे, खोकल्यातून रक्त येणे, ताप येऊन पिवळा-हिरवा कफ पडणे, पोटात किंवा खांद्याच्या टोकाशी दुखू लागणे, चक्कर येऊन अंग गार पडणे. पोटाची आणि खांद्याची कळ ही प्लीहा किंवा यकृत फाटल्याची खूण असू शकते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही दोन मोठी सरकारी ठिकाणे जिल्ह्यातच आहेत.

दुखणे थांबते आधी, हाड भरते नंतर

सगळी फसगत इथे होते. नुसता मुका मार असेल तर दोन ते चार आठवड्यांत आराम पडतो. बरगडी तडकली असेल तर दुखणे दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते, पण हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि त्याला पूर्वीचे बळ यायला त्याहूनही अधिक. तिसऱ्या आठवड्यात जोडावर नवे हाड धरलेले असते, पण ते कच्चे असते. नेमक्या त्याच वेळी माणसाला वाटते की आपण बरे झालो. मग तो सायकल काढतो, खड्ड्यात एक गचका बसतो आणि हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

जगातल्या नामांकित सायकलपटूंनाही यातून सुटका नाही. डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड ४ एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या बास्क प्रांतातील शर्यतीत उतारावर पडला. गळपट्टीचे हाड मोडले, बरगड्या मोडल्या, फुप्फुसालाही इजा झाली. तो पुन्हा शर्यतीत उतरला तो २९ जून रोजी, तूर द फ्रान्समध्ये, म्हणजे १२ आठवड्यांनी. त्या शर्यतीत तो दुसरा आला. त्याच्या दिमतीला डॉक्टर होते, व्यायामतज्ज्ञ होते, खाण्यापिण्याची ददात नव्हती. तरीही एवढे दिवस थांबावे लागले. मग शिळ्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या आपल्या माणसाने आठव्या दिवशी पायडल मारावे, हे शहाणपण कसे म्हणावे?

पण अडचण खरी आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अशा वेळी सायकलीवरून पडून बरगडी दुखावली, तर सारे घर अडते. दुखणे लपवून माणूस फडात जातो आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरतो. दुखावलेल्या बरगडीला याहून वाईट काम नाही. म्हणून हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. सहा आठवड्यांचे ४२ दिवस होतात. आठव्या दिवशी कामाला लागलो तर ३५ दिवसांची बचत झाली, असे वहीत दिसते. पण हाड पुन्हा तडकले किंवा छातीत कफ धरला, तर ते ४२ दिवस नव्याने मोजावे लागतात, वर औषधाचा खर्च निराळा. ही बचत नव्हे, हे कर्ज आहे. मुकादमाशी आधीच स्पष्ट बोलावे, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, आणि भावकीने, शेजाऱ्यांनी थोडा भार उचलावा.

पुन्हा सायकलीवर बसण्यापूर्वी

डॉक्टरांनी होकार दिल्यावरही घरच्या घरी परीक्षा घ्यावी. पूर्ण खोल श्वास घेताना दुखते का? खोकताना? अंथरुणात कूस बदलताना? भिंतीला दोन्ही तळहात टेकवून अंग पुढेमागे ढकलताना? पाण्याची बादली उचलताना? यातील एकाही वेळी कळ येत असेल तर आणखी एक आठवडा थांबावे. ही परीक्षा वेदनाशामक गोळी घेऊन देऊ नये, आणि गोळीच्या जोरावर सायकलही चालवू नये. गोळी कळ झाकते, हाड भरीत नाही.

पहिले दोन-तीन दिवस सायकल मागच्या स्टँडवर उभी करून जागच्या जागीच पायडल मारावे. मग आठवडाभर सपाट डांबरी रस्त्यावर १५-२० मिनिटे, पुढच्या आठवड्यात त्याच्या दुप्पट. त्यानंतर मुरमाचा रस्ता. घाटाचा चढ त्यानंतर, आणि घाटाचा उतार सगळ्यात शेवटी. चढावर हँडल ओढून, उभे राहून पायडल मारले की छातीचे स्नायू बरगडीला ओढतात, शिवाय धाप लागून पिंजरा जोरात हलतो. म्हणून चढ आला की उतरावे आणि सायकल ढकलावी. त्यात कमीपणा कसला? दगडांवरून उड्या मारण्याची हौस असलेल्या पोरांनी निदान तीन महिने तो नाद सोडावा.

सायकलीचीही तयारी हवी. हँडल थोडे उंच करून घ्यावे, म्हणजे फार वाकावे लागत नाही आणि छातीवर भार येत नाही. टायरमध्ये दगडासारखी टणक हवा भरू नये. टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून थोडी कमी ठेवली तर गचके कमी बसतात. दोन्ही ब्रेक नीट लागतात का, रबरे झिजली आहेत का, हे पाहावे. हँडलच्या दोन्ही टोकांना मुठी घट्ट बसवलेल्या असाव्यात. मूठ निघून उघडी पडलेली नळी पडताना पोटात किंवा छातीत घुसते. खड्डा दिसला की वेग कमी करावा, कोपर किंचित वाकवावे आणि सीटवरून थोडे उठून पायांवर भार घ्यावा, म्हणजे धक्का हातापायांत जिरतो, छातीपर्यंत पोहोचत नाही.

ओझे कॅरिअरवर, दोन्ही बाजूंना सारखे. पिशवीचा पट्टा दुखऱ्या बरगडीवरून आडवा घेऊ नये. पुढच्या दांडीवर लेकराला बसवू नये, ब्रेक लागताच त्याचे डोके आपल्या छातीवर आदळते. बाजारात छातीला बांधायची संरक्षक कवचे मिळतात. आडव्या फटक्यापासून ती थोडे वाचवतात, पण कच्चे हाड पक्के करीत नाहीत. ती बांधावीत तर श्वास मोकळा राहील एवढीच. डोक्यावर हेल्मेट मात्र असावेच.

आणखी एक गोष्ट. बिडी, सिगारेट, तंबाखू यांनी हाड जुळायला उशीर लागतो, आणि धूर ओढणाऱ्याचा खोकला बरगडीला रोज धक्के देतो. निदान या सहा आठवड्यांत तरी ते सोडावे, म्हणजे कदाचित कायमचेच सुटेल. त्या पैशात अंडी, दूध, डाळ घरात येईल. ज्वारीच्या भाकरीबरोबर तिळाची चटणी, हरभऱ्याची भाजी असावी. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे.

घरच्या माणसांना एक सांगणे. दुखणाऱ्याला "बसून खातोस" असा टोमणा मारू नये, आणि त्याची सारी कामे एकट्या घरधनिणीच्या डोक्यावरही टाकू नयेत. कामे सगळ्यांनी वाटून घ्यावीत. बालाघाटचे डोंगर कुठे पळून जात नाहीत. आज सहा आठवडे थांबलेला माणूस पुढे अनेक वर्षे तो घाट चढू शकतो.