थरांच्या लेटेक्स गादीला चेनची खोळ

वऱ्हाडात कापसाच्या गादीचा धंदा गादी एकदा विकून संपत नसे. दोन-तीन वर्षांत रुईचे गोळे होत. मग गिऱ्हाईक तीच गादी परत घेऊन येई किंवा पिंजारी धुनकी खांद्यावर टाकून त्याच्या अंगणात जाई, आणि पिंजाई, भराई, नवी खोळ, टाके हे सारे काम पुन्हा मिळे. मन्सुरी-पिंजारी बांधवांच्या कित्येक घरांची चूल या परत येणाऱ्या कामावर पेटत आली आहे. फोम आणि स्प्रिंगच्या गाद्यांनी त्यातले बरेच काम खाल्ले. आता अमरावती-अकोल्याकडे लेटेक्सचे सुटे थर मागवणारे गिऱ्हाईकही दिसू लागले आहे. ही गादी पिंजावी लागत नाही आणि तिला टाकेही घालायचे नसतात. कारागिराच्या हाताला उरते ती फक्त खोळ. ती नीट शिवता आली तर हे काम इथेच राहील, नाही तर तीही तयार होऊन बाहेरूनच येईल.

आधी हा माल काय आहे ते पाहू. आपल्याकडे कोणत्याही फोमच्या गादीला सर्रास 'डनलॉप' म्हणतात. मूळ डनलॉप पद्धत १९२९ च्या सुमारास इंग्लंडात निघाली. तिच्यात रबराच्या झाडाचा चीक फेसाळून, साच्यात ओतून भाजतात. बाजारातला साधा फोम रसायनापासून बनतो, त्याचा झाडाशी संबंध नाही. देशात रबराची लागवड मुख्यतः केरळात असल्याने लेटेक्सचा मालही बराचसा तिकडून गुंडाळ्या करून येतो. लेटेक्सच्या थराला वरपासून खालपर्यंत छिद्रे असतात, तो हाताला जड लागतो आणि दाबून सोडला की लगेच वर येतो. घनमीटरला ८० किलोच्या आसपासचा माल धरला, तर ७८ बाय ७२ इंचाची सहा इंच जाडीची गादी सुमारे ४४ किलो भरते.

सहा इंचांची गादी बहुधा दोन-दोन इंचांच्या तीन थरांची करतात. खाली कडक, मध्ये मध्यम आणि वर मऊ. थर एकमेकांना चिकटवलेले नसतात, त्यामुळे कंबर दुखणाऱ्याला वरचा थर खाली आणि मधला वर करून घेता येतो. पुढे वरचा थर बसला तर तेवढाच बदलता येतो. मात्र हे थर एकत्र धरून ठेवणारी वस्तू एकच, ती म्हणजे खोळ. कापसाच्या गादीत खोळ म्हणजे पिशवी, इथे ती गादीचाच एक भाग आहे.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्यातील एका परिचितांची गादी आम्ही पाहिली. थर उत्तम होते. खोळ गल्लीतल्याच एका जाणत्या कारागिराकडून कोऱ्या मांजरपाटाची शिवून घेतली होती, तीही कापसाच्या गादीसारखी कच्च बसणारी. पहिल्या धुण्यात कापड आटले. गादीच्या कडा होडीसारख्या वर आल्या, मधला थर दुमडला आणि कोपऱ्यात चेन उसवली. घरचे लोक गादीला दोष देत होते, गादीचा दोष काडीचाही नव्हता. कारागिराचा हात चांगला होता, पण हा माल त्याला कोणी समजावून दिलेला नव्हता.

म्हणून माप पहिले. गुंडाळून आलेले थर सपाट जागी एकावर एक रचून एक दिवस मोकळे राहू द्यावेत आणि मगच टेप लावावा. बिलावर ७५ बाय ३६ लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात अर्धा-पाऊण इंच इकडे-तिकडे असते. जाडी चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये मोजावी. उंचीत कधीही कसर करू नये. सहा इंचांचे थर साडेपाच इंचांच्या खोळीत कोंबले, तर मऊ थरासाठी मोजलेले पैसे वाया गेले असे समजावे. सैल खोळीत थर सरकतात आणि कापडाला चुण्या पडतात, पण घट्ट खोळीने होणारे नुकसान त्याहून मोठे.

कापडाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. निजणाऱ्याचा खांदा आणि कंबर आत रुतावी यासाठीच लेटेक्स असते. वरचे कापड जाड टिकिंगचे, न ताणणारे असेल तर ते ढोलाच्या चामड्यासारखे ताठ राहते आणि माणूस लेटेक्सवर न निजता कापडावर निजतो. म्हणून वरचा तुकडा ताणणाऱ्या होजिअरीचा, शक्यतो सुती आणि भरीव विणीचा असावा. (कापूस आमच्या शेतातला, होजिअरी मात्र तिरुपूरहून मागवायची, हे वऱ्हाडाचे जुने दुखणे आहे; त्यावर पुन्हा केव्हा तरी.) तळाच्या तुकड्याला ताण लागत नाही. तिथे सुती ड्रिल वापरले तर खर्च वाचतो आणि खोळ टिकतेही जास्त.

कापड कोणतेही घ्या, कापण्याआधी धुऊन, वाळवून, आटवून घ्या. कोरे सुती कापड शेकडा पाच आटले, तर ७८ इंचांत जवळपास चार इंच जातात. सॅन्फोराइज्डचा शिक्का असला तरी एक तुकडा धुऊन पाहायला काही लागत नाही.

परदेशी चित्रे दाखवून लोकरीचे अस्तर मागणारे गिऱ्हाईकही भेटते. अमेरिकेत २००७ पासून गादीने लवकर पेट घेऊ नये असा कडक नियम लागू आहे. लोकर सहज पेटत नाही, म्हणून तिकडच्या लेटेक्स गाद्यांच्या खोळींत ती बरीच दिसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथे जाड अस्तराचा खर्च करण्यापेक्षा एकपदरी सुती खोळ बरी, असे आमचे मत आहे. रेक्झिन किंवा प्लास्टिकची खोळ तर शिवूच नये. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर वरून वेगळी मेणकापडाची चादर घालता येते.

आता चेन. लेटेक्स कापडाला धरून बसते, सरकत नाही. उशीला अभ्रा घालतो तशी एका बाजूने गादी आत ढकलायला गेलात तर थर फाटेल. किमान तीन बाजूंनी चेन हवी, चारही बाजूंनी असेल तर उत्तम. ७५ बाय ३६ च्या गादीला तीन बाजूंना सव्वाबारा फूट आणि चारही बाजूंना साडेअठरा फूट चेन लागते, शिवाय कोपऱ्यासाठी थोडी जास्त धरावी. रोलमधली पाच नंबरची नायलॉन चेन आणि दोन रनर पुरतात. पितळी चेन मजबूत म्हणून कोणी सुचवील, पण ती नको. पितळात तांबे असते आणि तांब्याच्या संपर्काने रबर लवकर खराब होते.

चेन ताणत नाही, हे कापताना लक्षात ठेवावे. चेनीचा घेर थरांच्या घेराइतकाच नेमका ठेवावा. होजिअरीचा वरचा तुकडा लांबी-रुंदीत अर्धा इंच कमी कापून, किंचित ताणून बाजूपट्टीला जोडावा. चेन तळापासून दोन इंचांवर घेतली की खाली थाळीसारखा भाग होतो. त्यात पहिला थर बसवून बाकीचे रचावेत आणि वरचा भाग झाकणासारखा ओढून चेन लावावी. कोपरे काटकोनात न ठेवता थोडे गोल केले तर रनर अडकत नाही. चेनीच्या आतून दोन इंचांची पट्टी शिवावी, नाही तर लेटेक्स दातांत सापडते. होजिअरीला बोथट टोकाची सुई वापरावी, धारदार सुईने विणीचे घर तुटते. खोळीला उचलण्याचे पट्टे लावू नयेत. पट्टा दिसला की लोक गादी उभी करतात आणि आतले थर घसरतात. गादी हलवायची तर थर एकेक करून, दोघांनी खालून हात घालून न्यावेत.

शक्य असेल तर आत पातळ होजिअरीची दुसरी खोळ द्यावी. बाहेरची धुवायला काढली तरी लेटेक्स उघडे पडत नाही.

चेनीचा व्यापाऱ्याला आणखी एक उपयोग आहे. लेटेक्सच्या नावाखाली मधला थर साध्या फोमचा घालून विकल्याच्या तक्रारी आमच्या कानावर येतात. दुकानदाराने न विचारता चेन उघडून तिन्ही थर दाखवावेत, गिऱ्हाईकाला हात लावून पाहू द्यावा. शिवून बंद केलेल्या गादीत ही सोय नाही.

गादी पोचवताना दोन गोष्टी घरच्या बायकांना समजावून सांगाव्यात, कारण त्या कापसाच्या गादीच्या सवयीने वागणार. पहिली, ही गादी गच्चीवर उन्हात टाकायची नाही. कापसाला ऊन मानवते. लेटेक्स उन्हाने पिवळे पडते, कडक होते आणि पुढे भुगा होऊन झडते. डोक्याचे तेल झिरपले तरी रबर खराब होते, म्हणून खोळीवर चादर नेहमी हवी. दुसरी, कुलरची दमट हवा. रात्रभर कुलर चालतो आणि खाली बंद पेटीचा पलंग असतो, त्यामुळे तळाला ओल धरते. पलंगाच्या फळीला भोके पाडून घ्यावीत, किंवा आठवड्यातून एकदा गादी सावलीतच, थर सुटे करून काही तास हवेशीर ठेवावी. थर धुवायचे नाहीत. डाग पडलाच तर ओल्या फडक्याने पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच खोळीत घालावा.

मापाची चिठ्ठी गिऱ्हाईकाच्या नावाने दुकानात जपून ठेवावी. दोन-तीन वर्षांनी खोळ विरते, चेन जाते, कोणाला वर आणखी दोन इंचांचा थर हवा असतो. तेव्हा नवी बाजूपट्टी कापताना थर पुन्हा उघडून मोजण्याचे काम वाचते.