ठाकूरद्वारच्या पूर्वजांचा शोध

ठाकूरद्वारपासून थोड्याच अंतरावर गिरगावची खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि लाकडी जिने व व्हरांडे असलेल्या घरांची वाडी उभी राहिली. या परिसरात प्रथम बिऱ्हाड थाटणारा आपला पणजोबा किंवा खापरपणजोबा मूळचा कोणत्या गावचा, हा प्रश्न आजही अनेक कुटुंबांत विचारला जातो.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातील वसाहतकाराचा माग काढणे तुलनेने सोपे आहे. तेथील जनगणनेत 1850 पासून घरातील प्रत्येक मुक्त (गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव नोंदले गेले आणि त्या जुन्या याद्या सर्वांना पाहता येतात. आपल्या देशात जनगणनेतील व्यक्तिगत माहिती गोपनीय असते. शिवाय परेरा, डिसोजा, रॉड्रिग्ज ही आडनावे अनेक गावांत आढळतात; केवळ आडनावावरून मूळ गाव ठरत नाही. त्यामुळे आपला मुख्य आधार म्हणजे चर्चमधील नोंदवह्या.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली विवाह व बाप्तिस्मा यांची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे व आईवडिलांचे नाव, तारीख आणि धर्मपिता व धर्ममाता यांची नावे असतात. धर्मपिता पुष्कळदा मूळ गावचा नातेवाईक असे, म्हणून त्याचे नावही टिपून घ्यावे. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेत आढळतात. पोर्तुगीज नोंदीत 'नातुराल द' या शब्दांनंतर व्यक्तीचे मूळ गाव येते. शोधकाच्या दृष्टीने हे दोन शब्द फार मोलाचे आहेत.

गिरगावात सेंट तेरेजा चर्चची परंपरा 1773 पासूनची आहे. तथापि, घराजवळच्या चर्चमध्ये नाव सापडले नाही म्हणून शोध सोडू नये. मुंबईत 1794 पासून दोन धर्माधिकार एकाच वेळी नांदत होते. एक पोर्तुगालच्या राजाश्रयाचा 'पाद्रोआदो' आणि दुसरा थेट रोमच्या अधिकारातील 'प्रोपागांडा'. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन शेजाऱ्यांची नावे दोन वेगळ्या चर्चच्या वह्यांत असू शकतात. ही दुहेरी व्यवस्था 1928 साली संपुष्टात आली. त्यापूर्वीच्या पूर्वजासाठी दोन्ही बाजूंच्या चर्चमध्ये चौकशी करणे अगत्याचे आहे.

शोध आजपासून मागे न्यावा. आजोबांच्या विवाहनोंदीत त्यांचा धर्मग्राम मिळतो. तेथील बाप्तिस्म्याच्या नोंदीतून पणजोबांचे नाव मिळते. 1908 पासून विवाहाची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहिण्याचा नियम झाला. म्हणजे गावी बाप्तिस्मा होऊन मुंबईत विवाह झालेल्या व्यक्तीच्या दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळवता येतात. शिवडीच्या दफनभूमीतील नोंदीही पाहाव्यात. कबरींचा पुनर्वापर होत असल्याने दगड टिकलेला असेलच असे नाही.

लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि 1925 साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा जन्म 1864 साली माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराणे मात्र भाईंदरजवळच्या उत्तनचे. 'मुंबईकर' म्हणून ओळखल्या गेलेल्या अनेक घराण्यांची मुळे अशीच वसई, साष्टी व उत्तनच्या गावांत सापडतात. ईस्ट इंडियन हे नाव समाजाने 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी धारण केले. त्याआधीच्या कागदपत्रांत हे नाव शोधू नये.

खोताची वाडीतील अनेक जुनी घरे पाडली गेली आहेत. घर गेले की भिंतीवरची तसबीर, पेटीतला दस्तऐवज आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणीही विखुरतात. म्हणून आधी घरातील ज्येष्ठांशी बोलावे, त्यांनी सांगितलेली नावे व गावे तारखेसह लिहून ठेवावीत. त्यानंतर प्रमुख धर्मगुरूंची आगाऊ परवानगी घेऊन, अंदाजे वर्ष सोबत नेऊन नोंद पाहण्याची विनंती करावी. जीर्ण पाने स्वतः हाताळू नयेत. आपल्या नातवंडांना पणजोबांचे गाव सांगता यावे, एवढ्यासाठी हे कष्ट घेण्यासारखे आहेत.