घरासमोर चारच फूट माती आहे? बारा महिने हिरवं राहील असं काय लावाल?

फाटक आणि पायरी यांच्यामध्ये चार-पाच फुटांची पट्टी. रो-हाऊस किंवा तळमजल्याच्या फ्लॅटसमोर बहुतेकांकडे एवढीच जागा असते. तिथे हौसेने चाफा लावला जातो आणि हिवाळ्यात समोर नुसत्या फांद्या उरतात. रस्त्यावरून घरात दिसू नये म्हणून आडोसा हवा असेल, तर सदाहरित झाडं बघा. त्यांचीही पानं गळतात, पण थोडी थोडी. नवी येत राहतात, त्यामुळे झाड उघडं पडत नाही.

आधी कण्हेरीचं बोलू. हायवेच्या दुभाजकावर ती दिसते, कारण धूळ, ऊन, पाणीटंचाई सगळं सोसते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. का लावत नाहीत? पान, फूल, खोड, सगळ्यांतच हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विष असतं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही तशीच, तिच्या बिया तर फारच घातक. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर दोन्ही नकोत. नर्सरीवाला हे आपणहून सांगेलच असं नाही. कुणी चुकून खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि फांदी सोबत न्या.

मग लावायचं काय? माझं मत कामिनीला. काही जण तिला कुंती म्हणतात. कात्री चालवून चार फुटांवर राखता येते, अर्ध्या सावलीत टिकते आणि पांढऱ्या फुलांचा वास अंगणभर पसरतो. तगरही सावली सोसते. जास्वंदीला मात्र भरपूर ऊन लागतं, शिवाय पिठ्या ढेकूण तिच्यावर हमखास येतो.

वेलींना जमीन कमी लागते, ग्रिल जास्त. मधुमालतीची फुलं पांढरी उमलून गुलाबी, मग लाल होतात. पण ती वरच्या मजल्यापर्यंत जाते, शेजाऱ्यांना आधी विचारलेलं बरं. बोगनवेलीला काटे असतात, म्हणून अरुंद फाटकापाशी नको. तिला रोज पाणी घातलंत तर पानंच वाढतील, फुलं कमी. लसणी वेल आवरायला सोपी. पानं चुरगळली की लसणाचा वास येतो, फुलं जांभळी.

लावणी जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. झुडूप भिंतीपासून निदान दीड फूट लांब ठेवा आणि खड्डा खणण्याआधी पाण्याची पाइपलाइन कुठून गेली आहे ते बघून घ्या.