पोकळ तंतूतला प्रकाश

प्रकाश काचेत शिरला की मंदावतो. मोकळ्या हवेत सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश ऑप्टिकल फायबरमध्ये दोन लाखांवर येतो. जगभरचे फोन, व्हिडिओ, बँकांचे व्यवहार या मंदावलेल्या प्रकाशावरच चालतात. मग तंतूच्या गाभ्यातून काचच काढून टाकली तर? ब्रिटनमधले संशोधक तीसेक वर्षे या प्रश्नाच्या मागे होते.

त्याआधीचा सगळा इतिहास काच शुद्ध करण्याचा आहे. १९६६ मध्ये हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक धाडसी निष्कर्ष मांडला. तेव्हाच्या काचतंतूत वीस मीटरवरच शंभरातला एक भाग प्रकाश उरत असे. दोष काचेचा नसून तिच्यात मिसळलेल्या लोहासारख्या अशुद्धींचा आहे, त्या काढल्या तर किलोमीटरभर गेल्यावरही तेवढा प्रकाश शिल्लक राहील, असे त्यांचे म्हणणे होते. चारच वर्षांत अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी तसा तंतू प्रत्यक्ष ओढून दाखवला. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळाले.

आजच्या तंतूत प्रकाश निम्मा व्हायला पंधरा किलोमीटर लागतात. मात्र त्यापलीकडे सुधारणा अडली. वितळलेली काच थिजताना तिच्या घनतेतले सूक्ष्म चढउतार तसेच गोठून राहतात आणि त्यांच्यावर प्रकाश विखुरतो. काच कितीही शुद्ध केली तरी हे टळत नाही.

काच टाळायची तर प्रकाश पोकळीत धरून कसा ठेवायचा? नेहमीच्या तंतूत गाभ्याचा अपवर्तनांक भोवतीच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. गाभ्यात हवा आली की हे गणित उलटते आणि प्रकाश बाहेर निसटतो. काचेत बारीक छिद्रांची जाळी नेमक्या अंतरांवर रचली तर तीच प्रकाशाला अडवील, ही कल्पना फिलिप रसेल यांची. त्यांच्या गटाने १९९९ मध्ये बाथ विद्यापीठात असा पोकळ तंतू जगापुढे आणला.

द्रव्यापेक्षा रचनेच्या जोरावर लहरींना वळवण्याचा हा विचार भारतात शंभर वर्षे आधी झाला होता, आणि तो आपल्याकडेही फारसा सांगितला जात नाही. १८९८ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून आखूड विद्युतचुंबकीय लहरी सोडल्या. लहरींच्या कंपनाची दिशा फिरली. पीळ उजवा असला तर एका बाजूला, डावा असला तर दुसऱ्या. साखरेच्या द्रावणातले रेणू प्रकाशाला जसे फिरवतात, तेच काम इथे तागाचा पीळ करत होता. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तांब्याच्या नक्षीदार कड्यांचे आवरण करून मायक्रोवेव्ह लहरींना एका वस्तूभोवती वळसा घालायला लावले गेले, तेही याच वाटेवरचे पाऊल.

पोकळ तंतूच्या आजच्या रूपात जाळीऐवजी काचेच्या अतिपातळ नळ्या असतात. मधली पोकळी मोकळी ठेवून तिच्याभोवती त्या चिकटवलेल्या असतात, नळीत नळी आणि तिच्यातही आणखी एक. साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात ते पातळ पापुद्र्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे. इथेही तोच नियम राबतो. भिंतीची जाडी अशी ठरवतात की परतणारा प्रकाश एकमेकांना बळ देत पोकळीतच राहतो. जाडी जराशी चुकली तर तो गळू लागतो, म्हणून तंतू ओढताना प्रत्येक नळीतला हवेचा दाब सांभाळावा लागतो. या कारागिरीला खरोखर तोड नाही.

साउदम्प्टन विद्यापीठातून निघालेल्या ल्युमेनिसिटी कंपनीने हे तंत्र पुढे नेले. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २०२२ मध्ये विकत घेतली. २०२५ मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये या गटाने जाहीर केलेल्या तंतूत घट किलोमीटरला ०.०९१ डेसिबल इतकी कमी आहे. म्हणजे प्रकाश निम्मा व्हायला सुमारे तेहतीस किलोमीटर लागतात, शिवाय संदेश एकतृतीयांश वेळ वाचवून पोहोचतो. त्यामुळे तेवढ्याच विलंबात दोन डेटा सेंटर आधीच्या दीडपट अंतरावर बांधता येतात. मोठ्या शहराच्या सीमेवर जागा आणि वीज शोधणाऱ्यांना हा फरक मोलाचा आहे.

अडचणी उरल्याच आहेत. जुन्या भरीव तंतूला हा पोकळ तंतू जोडताना सांध्यात प्रकाश वाया जातो. उघड्या टोकातून दमट हवा आत शिरली तर बाष्प प्रकाश शोषते, म्हणून टोके बंद करावी लागतात. समुद्राखालच्या हजारो किलोमीटरच्या केबलींसाठी तो एकसारख्या दर्जाने आणि परवडणाऱ्या खर्चात ओढणे, हे काम आता कारखान्यांपुढे आहे.