मेफ्लॉवर करार : कागद छोटा, दंतकथा मोठी

‘अमेरिकेतली लोकशाही मेफ्लॉवर जहाजावर जन्मली’ हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की ते तपासावंसं कुणाला वाटत नाही. पण व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा 1619 च्या जुलैतच भरली होती. मेफ्लॉवरवरून आलेल्या, पुढे प्लिमथ ही वसाहत वसवणाऱ्या लोकांनी करारावर सह्या केल्या त्या नोव्हेंबर 1620 मध्ये.

या सह्यांमागे लोकशाहीची तळमळ होती, असंही मानलं जातं. खरी अडचण कायद्याची होती. परवाना मिळाला होता व्हर्जिनियाच्या हद्दीत वसण्याचा, आणि जहाज लागलं त्या हद्दीबाहेर, उत्तरेला केप कॉडच्या किनाऱ्याला. प्रवाशांत इंग्लंडच्या चर्चपासून फुटलेले धर्मनिष्ठ लोक होते, तसे निव्वळ पोटापाण्यासाठी निघालेलेही होते. आता आमच्यावर कुणाचाच हुकूम चालणार नाही, असं त्यातले काही उघड बोलू लागले. ही फाटाफूट रोखायला जहाजावरच कागद तयार झाला.

तो राज्यघटनेसारखा मुळीच नाही. जेमतेम दोनशे शब्दांच्या या मजकुरात हक्कांची यादी नाही, पदांची रचना नाही. उलट सुरुवातीलाच राजा जेम्सवरची निष्ठा आहे! वचन एवढंच, की आपण मिळून एक नागरी संघ बनवू, सर्वांच्या हिताचे न्याय्य कायदे करू आणि ते पाळू. 102 प्रवाशांपैकी सह्या 41 पुरुषांच्या. त्यात काही नोकरही होते, बाई मात्र एकही नाही. मूळ कागद हरवला. आपण वाचतो त्या नकला.

माझ्या मते खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मे लोक दगावले. पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर 1621 च्या वसंतात गेला, तेव्हा विल्यम ब्रॅडफर्डची निवड झाली. पुढे दरवर्षी निवडणूक होत राहिली आणि मधली काही वर्षं सोडता 1657 मधल्या मृत्यूपर्यंत तोच गव्हर्नर होता. पदासाठी चढाओढ असेल असं वाटतं, पण 1633 मध्ये नियम करावा लागला : निवडून येऊन गव्हर्नरपद नाकारलं तर वीस पौंड दंड. लेखी कायदेसंहिता 1636 मध्ये आली. वस्ती पसरली, सगळ्यांना एका जागी जमणं जमेना, तेव्हा 1630 च्या दशकाअखेरीस गावोगावचे प्रतिनिधी बसू लागले.

जमीन ओसाड होती, हाही गैरसमजच. प्लिमथ वसलं ते पाटुक्सेट या गावाच्या जागी. 1616 ते 1619 च्या साथीत ते गाव उजाड झालं होतं. आजूबाजूला वांपनोआग लोकांची स्वतःची राज्यव्यवस्था होती. त्यांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याशी मार्च 1621 मध्ये तह झाला, म्हणून ही वस्ती टिकली.

इतक्या खटाटोपानंतरही प्लिमथला स्वतःची राजसनद कधीच मिळाली नाही. 1691 च्या सनदेने ते मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झालं.