सूत्रधार : रंगमंचावरचा आणि संगणकामागचा

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर ही नाटककार वसंत कानेटकर यांची जन्मभूमी (१९२०). येथून लोहमार्गाने दक्षिणेस गेले असता सांगली लागते. तेथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले. हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो.

भाव्यांच्या नाटकाचा कणा म्हणजे सूत्रधार. मंगलाचरण तो करी, पदे गाऊन कथानक पुढे नेई आणि पात्रे आपली भाषणे बहुधा आयत्या वेळी योजून बोलत. ‘सूत्र’ म्हणजे दोरी. काही अभ्यासक हिचा संबंध कळसूत्री बाहुल्यांशी, तर काही स्थपतीच्या मापनसूत्राशी जोडतात. स्वतः भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या; पुढे रामदास पाध्ये यांनी त्यांचे पुनरुज्जीवन केले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी तर ही कळसूत्री परंपरा आजवर जोपासली आहे.

हीच प्रतिमा संगणकाच्या क्षेत्रातही अवतरली आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील ल्यूक केनीज यांनी सुरू केलेल्या एका संगणक प्रणालीचे नाव ‘पपेट’, म्हणजे बाहुली, असे आहे. पुढे त्यांच्या कंपनीनेही तेच नाव धारण केले. २०२२ मध्ये ‘परफोर्स’ या कंपनीने ती विकत घेतली.

या प्रणालीचे कार्य नावाला साजेसे आहे. शेकडो संगणकांची मांडणी कशी असावी, हे एकाच ठिकाणी लिहून ठेवले जाते. प्रत्येक संगणक ठराविक काळाने, सामान्यतः दर अर्ध्या तासाने, मध्यवर्ती संगणकाकडे विचारणा करतो आणि आपल्यात काही फरक पडला असल्यास तो दुरुस्त करून घेतो. यामुळे श्रम वाचतात आणि एकसारखेपणा येतो. मात्र मूळ सूचनेतच चूक राहिली, तर तीही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचते. बाहुलीला स्वतःची इच्छा नसते. दोरी हलेल तशी ती हलते.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने यातील बोध महत्त्वाचा आहे. आज जन्म-मृत्यूची नोंद असो वा मिळकतीचा उतारा, दाखला संगणकातून निघतो. नावात चूक आढळली, की “संगणकात तसेच आहे” असे उत्तर ग्रामस्थाच्या पदरी पडते. त्या एका अक्षरापायी एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन किंवा मुलाचा शाळाप्रवेश अडू शकतो. नोंद करणारा, ती तपासणारा आणि तिच्यावर स्वाक्षरी करणारा माणूसच असतो. दुरुस्तीचा अर्ज कोणाकडे करावा, हे कार्यालयाच्या दर्शनी भागी लिहिलेले असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

भाव्यांच्या नाटकातील सूत्रधार पडद्याआड दडत नसे. प्रयोगभर तो प्रेक्षकांसमोर उभा असे. संगणकाची सूत्रे हाती असणाऱ्यांनीही तसेच जनतेसमोर असावे, ही अपेक्षा रास्त होय.